साहेबाच्या मापाचा कोट

नवा कपडा घालून चंद्रकुमार मोहतुरे यांच्या अंगणासमोरून जायचं, तर नाकाडोंगरीतले शहाणे लोक मागच्या गल्लीने जात. चंद्रकुमार सुट्टीच्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्याच्या पाठीकडे बघून नाकातून एक 'हं' काढत. त्या 'हं'मध्ये सगळं यायचं. खांदा उतरलाय, बाही आखूड आहे, कॉलर मानेपासून सुटलीय, आणि ज्याने हे घातलंय त्याला यातलं काहीएक ठाऊक नाही. सरपंचाच्या मुलाच्या लग्नात आहेराचं पाकीट देऊन स्टेजवरून उतरताना ते बायकोच्या कानात म्हणाले होते, "पोरगा चांगला हाये. पन कोट मागून आनल्यासारका वाटून रायला." कोट मुलाचाच होता आणि नागपूरहून आणलेला होता. पण रत्नमालाबाईंनी वळून पाहिलं, तर खरंच त्या कोटाच्या आत नवरदेव कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

स्वतः चंद्रकुमारांनी मात्र जन्मात कोट घातला नव्हता.

चौतीस वर्षं ते खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेरिकॉटची पॅंट आणि थंडीत बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, एवढाच त्यांचा थाट. पण डोळा होता साहेबाचा. हा डोळा त्यांना वडिलांकडून मिळाला होता.

वडील म्हणजे नत्थूबाबा. तळ्याखालची धानाची बांधी भावाभावांत वाटली गेली तेव्हा त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात बैल वळवायलाही जागा नव्हती. म्हणून ते खाणीच्या बंगल्यावर ऑर्डर्ली लागले. तेव्हाचे मोठे साहेब कलकत्त्याकडचे, उंचेपुरे, थंडीचे दोन-अडीच महिने रोज थ्री-पीस सूट घालणारे. तो सूट झाडायचा, इस्त्री करायचा, सकाळी साहेबांच्या मागे उभं राहून कोट अंगावर चढवून द्यायचा, हे नत्थूबाबांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी त्या बंगल्यात काढली आणि त्या बंगल्यातल्या एकाही खुर्चीवर ते बसले नाहीत. बसू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. बस असंही कोणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र ते लहान चंद्रकुमारला सगळं शिकवत. "कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरले मागून चिपकून पायजे. मधात बोट गेलं का कोट फेल. मनगटाजवळ शर्ट अर्धा इंच दिसला पायजे, कमी नाई, जास्त नाई. वेस्टकोट अना पॅंट यायच्या मधात शर्ट दिसला, तं तो सूट नोय, सोंग हाये. अना बसताना कोटाचं बटन सोडाचं. बटन लावून बसते तो नवशिका."

हे सांगताना ते स्वतः भिंतीला टेकून उकिडवे बसलेले असत.

एकतीस जानेवारीला चंद्रकुमार निवृत्त होणार होते. निरोपाचा कार्यक्रम त्याच बंगल्यात व्हायचा. आता त्याला गेस्ट हाउस म्हणतात. दर्शनी खोलीत खुर्च्या मांडतात आणि मधल्या खुर्चीवर निवृत्त होणारा माणूस बसतो. त्या खुर्चीवर आपण थ्री-पीस सूट घालून बसायचं, अंगावर नीट बसलेला, जुन्या पद्धतीचा, साहेब घालत तसा, हे चंद्रकुमारांनी मनात कधी ठरवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डिसेंबरात एका सकाळी चहा पिताना ते नुसतं म्हणाले, "सूट घ्यावा म्हन्तो. तीन पीसचा."

"कोनाचं लगन हाये?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"लगन नाई. माह्या निरोपासाठी."

"मले वाटलं दुसरी करून रायले का बाप्पा!"

चंद्रकुमार हसले नाहीत. तेव्हा रत्नमालाबाईंना कळलं की हे प्रकरण साधं नाही, आणि त्यांनीही हसणं आवरलं.

पहिल्यांदा दोघं तुमसरला गेली. बाजारातल्या रेडिमेडच्या दुकानात विक्की नावाचा तिशीचा मालक होता. दाढी अशी कोरलेली, की कोणी कंपास घेऊन आखली असावी. त्याने काउंटरवर सुटांचा ढीग टाकला. "काका, हे पहा, विंटेज कलेक्शन. सध्या हेच चालून रायलं." चंद्रकुमारांनी एक कोट अंगात घातला. विक्की चटकन मागे गेला आणि म्हणाला, "आता पहा आरशात. कशी फिटिंग आली!"

आली होती खरी. समोरून कोट छान चपखल दिसत होता. चंद्रकुमारांनी मान वळवली तर विक्कीने पाठीमागे कोटाची अख्खी मूठ धरलेली.

"तू निरोपाच्या दिवशी येशीन का नाकाडोंगरीले?" चंद्रकुमारांनी विचारलं.

"कायले काका?"

"पाठीमागून मूठ धराले."

विक्कीने मूठ सोडली तसा कोट चंद्रकुमारांच्या अंगावरून पोत्यासारखा लोंबला. त्यांनी तो काढला, आतून चाचपला, पुढचा भाग दोन बोटांत चोळला. आत काहीच शिवलेलं नव्हतं, सगळं गोंदाने चिकटवलेलं. "याले दोनदा धुतलं का पापड होते," ते म्हणाले, आणि नाकातून 'हं' काढून बाहेर आले. विक्की मागून म्हणत राहिला, "काका, सूट धुते कोन? एकदा घालाचा, फोटो काढाचा!" चंद्रकुमारांना त्याच्या या बोलण्याचा राग आला नाही, किळस आली.

भंडाऱ्याच्या मोठ्या दुकानात काचेआड एक पुतळा होता, अंगावर तपकिरी थ्री-पीस, अगदी जसा हवा तसा. चंद्रकुमार लगबगीने आत शिरले. मग त्यांनी पुतळ्याला वळसा घातला. पाठीला ओळीने अकरा टाचण्या लावलेल्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या, कारण मोजणं हा त्यांचा धंदाच होता. तोच सूट त्यांना घालायला दिला तेव्हा आणखी कळलं, की वेस्टकोटाचे खिसे खोटे आहेत, नुसती पट्टी शिवलेली, आणि घड्याळाची म्हणून जी साखळी लोंबते तिच्या टोकाला घड्याळ नाही. पॅंट बेंबीच्या चार बोटं खाली, वेस्टकोट बेंबीच्या दोन बोटं वर, आणि मधे शर्टाचा पांढरा पट्टा.

"हे मधात काय हाये?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"शर्ट आहे सर."

"मले वाटलं पोट बांधाची पट्टी हाये."

रत्नमालाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. विक्रेता म्हणाला, सर, आजकाल लो-वेस्टच येते. चंद्रकुमार म्हणाले, आजकाल मानसंही लो-वेस्टच येतात. आणि बाहेर पडले.

नागपूरला त्यांना भाच्याने पाठवलं. भाड्याने सूट देणारं दुकान, लग्नाआधी फोटो काढणाऱ्या जोडप्यांसाठी. तिथे जुन्या पद्धतीचे सूट रांगेने टांगलेले, रुंद कॉलरीचे, उंच पॅंटीचे, अगदी खरे वाटावेत असे. दुकानवाल्याने एक उतरवून दिला. चंद्रकुमारांनी घालायला घेतला तर कोटाला पाठच नव्हती. मागून उघडा आणि नाड्या. कोणत्याही जाडीच्या माणसाला समोरून बांधून फोटोला उभं करायचं, अशी सोय.

चंद्रकुमारांनी तो कोट पुन्हा रांगेत टांगला. "समोरून साहेब, मागून उघडं," ते बसमध्ये बायकोला म्हणाले. "सारं जगच आता समोरून हाये."

तुमसरचे पॅंट-शर्ट शिवणारे तीन शिंपीही झाले. एकाने कोट शिवणं कधीच सोडलेलं. दुसरा कापड घेऊन बाहेर कुठे पाठवायचा आणि दीड महिन्याने जे येईल ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचा. तिसऱ्याने माप घेताना चंद्रकुमारांच्या स्वेटरवरूनच टेप फिरवली. चंद्रकुमारांनी त्याच्या हातातून टेप काढून घेतली, गुंडाळली आणि त्याच्या मशीनवर ठेवून दिली.

जानेवारी उजाडला. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता रत्नमालाबाई म्हणाल्या, "विमलाबाईले सांगून पाहू का?"

"कोन विमलाबाई?"

"माह्या माहेरची, सिहोऱ्याची. माहे ब्लाउज शिवते ते."

चंद्रकुमारांनी असा 'हं' काढला की सुपातला कोंडा उडाला असता. "ब्लाउजवाली! ब्लाउजवाली कोट शिवन! मंग कोटाले हुक लावन का पाठीमागून?"

रत्नमालाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या रागावत नसत, पण एकदा सूप खाली ठेवलं की बोलायच्या. "तुमच्या शर्टाले किती शिवणी असतात? अना ब्लाउजले किती टक्स असतात, कधी मोजले? माह्या लग्नापासून ते बाई माहे ब्लाउज शिवते. दोन बाळंतपनं झाली, गर्भपिशवी काढली, दंड सुटले, पाठीले बाक आला. एकाही ब्लाउजमधी कधी बोट जाईन एवढी जागा नाई रायली, अना कधी श्वास नाई अडकला. तुम्ही जे दुकानादुकानानं धुंडून रायले ना, ते माह्या आंगावर तीस वर्षांपासून हाये. तुम्ही पाहलंच नाई."

चंद्रकुमारांनी पाहिलं. जगाच्या कॉलरी तपासणाऱ्या माणसाने आपल्या बायकोच्या खांद्याची शिवण पहिल्यांदा पाहिली. ती जिथे असायला हवी तिथेच होती. दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला जाऊन तपकिरी, बारीक चौकड्यांचं लोकरी कापड घेऊन आले.

माप द्यायला मात्र ते जाईनात. "सासुरवाडीत बाईमानसासमोर हात वर करून उभा राहू? जवाई हावो मी तेथचा."

"मंग मापाचा कपडा द्या. आमी देतो तसा."

बायका शिंपिणीकडे नवा ब्लाउज टाकताना अंगावर नीट बसणारा एक जुना सोबत देतात, तो मापाचा. चंद्रकुमारांना ही रीत पटली. ते उठले आणि नत्थूबाबांची पेटी उघडली.

पेटीत साहेबांचा सूट होता. बदली होऊन जाताना साहेबांनी तो नत्थूबाबांना दिलेला. नत्थूबाबांनी तो कधी घातला नाही. दरवर्षी दिवाळी झाली की अंगणात खाटेवर त्याला ऊन द्यायचे, कडुलिंबाचा नवा पाला घालायचे आणि पेटी बंद करायचे. ऊन देताना तो कोट लहान चंद्रकुमारच्या पाठीला लावून बघायचे आणि म्हणायचे, "माह्या पोराची काठी साहेबाची हाये. मोठा झाला का बराबर होईन." घरात हे इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की घालून बघायची कोणाला गरजच वाटली नाही. आता त्या सुटाला कसर लागली होती, कोपरावर भोकं पडली होती. शिवाय दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं घालून त्या खुर्चीवर बसायला चंद्रकुमार तयार नव्हते. पण माप? माप तर तेच.

रत्नमालाबाई कापड आणि साहेबांचा सूट पिशवीत घालून सिहोऱ्याला गेल्या.

विमलाबाईंच्या ओसरीवर एक मशीन, एक पाट आणि 'पिको-फॉल करून मिळेल' एवढी पाटी. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी साहेबांचा कोट उलटा केला, अस्तराची एक शिवण उसवली आणि आत पाहत राहिल्या. आत केसाळ जाड कापड होतं आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे हाताचे टाके, शेकडो.

"पाह्य वं रत्ने," त्या म्हणाल्या. "कोन्या बाप्यानं हातानं घातले हे टाके. आता तं मानसाईचं शर्ट म्हंजे थैली. दोन हात निघाले, मुंडकं निघालं, झालं शर्ट." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पन जवाईबुवाचं आंग पाहल्याबिगर कापू?"

"ते म्हन्तात, हेच माप बराबर हाये."

विमलाबाईंनी कोट पुन्हा सुलटा केला. आतलं केसाळ कापड त्यांनी नागपूरहून मागवलं आणि कामाला लागल्या.

तेवीस जानेवारीला निरोप आला, ट्रायलले पाठव. आता जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चंद्रकुमार सिहोऱ्याला गेले, आतल्या खोलीत शिरले, सूट चढवला आणि कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले.

बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. खांदे त्यांच्या खांद्यांच्या पुढे निघून हवेत थांबले होते. पॅंटीचे पाय जमिनीवर दुमडले होते, आणि वेस्टकोट मात्र पोटावर आवळत होता. धानाच्या बांधीत पाखरं हाकलायला जे उभं करतात ते आरशात उभं होतं.

चंद्रकुमार तसेच ओसरीवर आले. डिसेंबरापासून साठलेलं सगळं बाहेर पडलं. "हे पाहाले बोलावलं मले? सांगून ठेवलं होतं मी, ब्लाउजवालीचं काम नाई हे! आठ दिवस रायले! कापडाचं मातेरं केलं! अना तू," ते बायकोकडे वळले, "मोठी टक्स मोजत होती!"

रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विमलाबाईंच्या नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं, उठल्या, "उतरवा जवाईबुवा," म्हणाल्या, आणि उतरवलेला कोट पाटावर पसरला. त्यावर साहेबांचा जुना कोट ठेवला. खांद्याला खांदा, बाहीला बाही, कॉलरला कॉलर. सुतभराचाही फरक नव्हता.

"मले साहेबाचं माप आलं, मी साहेबाचा कोट शिवला," त्या म्हणाल्या. "साहेब कोठी हाये? बोलवा, घालून देतो."

चंद्रकुमार त्या दोन कोटांकडे बघत राहिले. 'हं' काढावा असं काही त्यांना कुठेच दिसेना.

"तुमचा शिवाचा हाये का?" विमलाबाईंनी विचारलं. "शिवाचा असन तं इथं या. मले पयल्यापासून खरं नोतं वाटून रायलं, म्हनून सारं कच्च्या टाक्यावर ठेवलं हाये. पोटाजवळ शिवणीत माया सोडली हाये, तेथी सैल होईन. बाकी साहेब मोठा होता म्हनून बरं, कमी कराचं हाये. तो बारका असता तं मी काय केलं असतं?"

चंद्रकुमार पुढे आले. सिहोऱ्याच्या ओसरीवर, रस्त्यावरून जाणारे सायकलवाले बघत असताना, सासुरवाडीतल्या बाईसमोर ते हात किंचित उचलून उभे राहिले. विमलाबाई टेप फिरवत आकडे सांगत होत्या आणि रत्नमालाबाई जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत होत्या. छाती, कंबर, बाही. मग विमलाबाई मागे गेल्या आणि थांबल्या.

"डावा खांदा उतरता हाये तुमचा. पाऊन इंच."

"काट्याच्या वह्यांची पिशवी," चंद्रकुमार म्हणाले. "डाव्याच खांद्यावर."

"एवढं पिशवीनं नाई होत. हे जन्माचं हाये. तुमच्या बाबाचा होता का?"

होता. चंद्रकुमारांना एकदम बंगल्याचा व्हरांडा दिसला, भिंतीशी उभे असलेले नत्थूबाबा, आणि त्यांच्या खाकी डगल्याची एक बाजू कायम खाली. पोरं त्यावरून हसायची. पन्नास वर्षं ज्या घरात साहेबाची काठी, साहेबाची काठी असं बोललं गेलं, त्या घरात साहेबासारखं कोणाचं काहीच नव्हतं.

"होता," ते म्हणाले. "असाच."

"मंग लिव्ह वं रत्ने. डावा, पाऊन इंच कमी. आत पॅड देतो, कोनाले दिसनार नाई." आणि टेप गळ्यात अडकवत त्यांनी जवाईबुवांना जाता जाता एक टोला दिलाच. "उगंच मोठ्या मानसाचं माप देल्लं. आपलं आंग हाये, त्याची कायची लाज?"

एकतीस तारखेला चंद्रकुमार गेस्ट हाउसच्या दारातून आत आले तेव्हा खोलीतली बोलणी थांबली. तपकिरी थ्री-पीस, उंच पॅंट, वेस्टकोटाचं शेवटचं बटन साहेब ठेवत तसं उघडं, मनगटाशी शर्ट अर्धा इंच. मागून कोणी बघितलं असतं तर कोटाची कॉलर आणि शर्टाची कॉलर यांच्यामध्ये सुईही गेली नसती. पण मागून बघण्याची अक्कल त्या खोलीत एकट्या रत्नमालाबाईंना होती. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, विमलाबाईंनीच शिवलेल्या ब्लाउजात.

आताचे मॅनेजर साहेब उशिराने आले. मऊ कापडाचा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह, पायात पळायचे बूट. "अरे मोहतुरेजी!" ते हिंदीत ओरडले. "आज किसकी शादी है?" सगळे हसले, कारण साहेब हसले होते.

चंद्रकुमारांनी त्यांच्याकडे पाहिलं. टी-शर्ट पोटावर ताणून बगलेत सुरकुत्यांचा पंखा झाला होता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. वडिलांनी हा टी-शर्ट इस्त्रीला तरी घेतला असता का, असा त्यांना प्रश्न पडला. 'हं' नाकापर्यंत आला. तो त्यांनी आतच ठेवला. या माणसासाठी तेवढाही खर्च करावा असं त्यांना वाटलं नाही.

नारळ दिला. मग साहेबांनी शाल उलगडली आणि चंद्रकुमारांच्या खांद्यांवर, कोटावर टाकली. दोन्ही खांदे झाकले गेले, डावा आणि उजवा, आतलं पॅड, शेकडो टाके, सगळं. फोटोवाला म्हणाला, इकडे पहा. चंद्रकुमारांनी फोटो काढू दिला नाही. त्यांनी हळूच शाल उतरवली, चार घड्या घातल्या आणि हातावर घेतली.

"अरे, रहने दो ना," साहेब म्हणाले.

"गरम होऊन रायलं, साहेब," चंद्रकुमार म्हणाले.

सगळे उभेच होते, साहेब अजून बसले नव्हते म्हणून. मधली खुर्ची रिकामी होती. चंद्रकुमार तिच्यापर्यंत गेले. बसा असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी कोटाचं बटन सोडलं आणि बसले.